पुड्यावरची पाचवी ओळ

गेल्या वर्षीच्या आषाढी एकादशीची गोष्ट. आमचे वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तिच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. पोराला शेंगदाणा चालत नाही, हे तिने फोनवरच बजावले होते. आमच्याकडे ही अडचण लहान नाही. एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी. एरवीही भाजीत कूट, चटणीत दाणे, कोशिंबिरीत कूट. घरच्यांनी कुटाचा डबा माळ्यावर टाकला आणि मिक्सरचे भांडे दोनदा घासले. पोराच्या फराळासाठी मी बारामतीहून राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा आणला.

पुडा मी निरखूनच घेतला. ती माझी तीस वर्षांची सवय आहे. वजन पाहिले, छापील किंमत पाहिली, तयार केल्याची तारीख पाहिली, हिरवा ठिपका पाहिला. सगळे जागच्या जागी होते.

पोराने अर्धा लाडू खाल्ला आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घशातून घरघर येऊ लागली. माझी आई म्हणाली, "पित्त उठलंय, आमसूल चोळा." भाची थांबली नाही. बारामतीला नेईपर्यंतचा अर्धा तास आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. तिथे डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले, रात्रभर ठेवून घेतले आणि सकाळी पोरगा हसत घरी आला. घरी आल्यावर भाचीने तो पुडा उलटा करून माझ्यापुढे धरला. मागच्या बाजूला, घडीजवळ, बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती : याच ठिकाणी शेंगदाण्याचे पदार्थही तयार होतात, त्याचा अंश असू शकतो.

"मामा, हे वाचलं नव्हतं का तुम्ही?"

नव्हते वाचले. चार गोष्टी मी वाचल्या आणि पाचवी वाचली नाही. पुडा बनवणाऱ्याने काहीच लपवले नव्हते. वजन बरोबर, किंमत बरोबर, माल ताजा, आणि धोक्याची सूचनाही छापलेली. मग तीस वर्षे पुडे वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना ती ओळ का दिसली नाही, या प्रश्नाने मला वर्षभर कायदे, नियम आणि जुनी वेष्टने चाळायला लावली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

बाधणे आणि फसवणे

पहिली अडचण शब्दांची आहे. एखादा पदार्थ एखाद्याला सोसत नसेल तर आपण म्हणतो, "त्याला बाधतं." अंगावर गांधी आल्या तर "पित्त उठलं". वैद्यांच्या भाषेत ते शीतपित्त आणि घरच्या भाषेत आमसुलाचा उपाय. खाण्यावर बंधन आले तर ते "पथ्य". या शब्दांकडे नीट पाहिले तर त्यांत एक समान गोष्ट आहे : दोष खाणाऱ्याच्या अंगचा. त्याची प्रकृतीच तशी, त्याने जपून खावे. विकणाऱ्याचा त्यात संबंध येत नाही.

दुसरा शब्द "भेसळ". त्यात दोष विकणाऱ्याचा. दुधात पाणी, हळदीत रंग, मिरपुडीत विटेची पूड. भेसळ म्हटले की आपले रक्त तापते, तक्रार करावीशी वाटते. बाधण्याची तक्रार कुणाकडे करणार?

ॲलर्जी हा शब्दही फार जुना नाही. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी प्राण्यांवर प्रयोग करताना पाहिले, की एकदा सोसलेले विष दुसऱ्यांदा अगदी थोड्या मात्रेतही जीव घेऊ शकते. या तीव्र प्रतिक्रियेला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' म्हटले आणि त्या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. अन्नाच्या ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा दूध, अंडे, शेंगदाणा अशा निरुपद्रवी अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते. अन्न शुद्ध असते, ताजे असते, दुसऱ्या हजार माणसांना पौष्टिक असते, आणि एकाचा श्वास बंद करू शकते. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे. आमसुलाने किंवा खाज थांबवणाऱ्या गोळीने अंगावरच्या गांधी कमी दिसतील, पण बंद होत चाललेला घसा त्याने उघडत नाही.

कायदा कशासाठी आला

अन्नाचा कायदा मात्र पहिल्यापासून फसवणुकीच्या वाटेने आला. इंग्लंडच्या १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याची कसोटी साधी होती : गिऱ्हाइकाने जे मागितले त्याच जातीचा, त्याच गुणाचा माल त्याला मिळाला की नाही. आपल्याकडे प्रांतोप्रांतीचे कायदे झाले. मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये सबंध देशासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, १९५५ मध्ये त्याचे नियम आले, आणि त्यातही तीच कसोटी जवळजवळ त्याच शब्दांत आहे. मागितले तूप, दिले दुसरेच, हा गुन्हा. मागितला शेंगदाण्याचा लाडू, दिला शेंगदाण्याचाच लाडू, तर कायद्याला बोलायचे काही कारण नाही.

या काळातली एक तरतूद मला सगळ्यात बोलकी वाटते. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले हे वनस्पती तूप दिसायला साजूक तुपासारखे. साहजिकच ते साजूक तुपात मिसळले जाऊ लागले. आता हे ओळखायचे कसे? त्यावर सरकारने युक्ती काढली. प्रत्येक वनस्पती तुपात निदान पाच टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांवर बंधनकारक केले. कारण तिळाच्या तेलाची एक खूण आहे. साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवले की ते गुलाबी-लाल रंग देते. बोदवॅं या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. तूप लाल झाले, की त्यात वनस्पती आहे हे सिद्ध. ही परीक्षा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत आमच्या सरांनी करून दाखवली होती. परीक्षानळीत रंग चढला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या, ते मला अजून आठवते.

म्हणजे चोर पकडण्यासाठी कायद्याने सबंध देशाच्या स्वयंपाकघरात तीळ मिसळले. आज जगात अनेक देश तिळाला ॲलर्जीचा मोठा घटक मानतात. डालड्यातल्या तिळाने कुणाला बाधले, असा माझा दावा मुळीच नाही. तेल शुद्ध करताना त्यातली प्रथिने बरीचशी निघून जातात. माझा मुद्दा वेगळा आहे. एका पदार्थात दुसरा पदार्थ सक्तीने घालताना 'हा कुणाला सोसणार नाही का' हा प्रश्न त्या काळच्या कायद्याच्या चौकटीत बसतच नव्हता. त्या चौकटीत दोनच माणसे होती, प्रामाणिक दुकानदार आणि लबाड दुकानदार. गिऱ्हाईक सगळे एकसारखे.

आम्हाला वाचायला कुणी शिकवले

माझ्या लहानपणी गावात पुडा हा प्रकारच कमी. किराणा म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी आणि वरून सुतळी. पुडीवर वाचायला असायच्या त्या जुन्या बातम्या. मालाची जबाबदारी दुकानदाराच्या तोंडावर आणि उधारीच्या वहीवर.

वाचायला शिकवले ते ग्राहक चळवळीने, आणि या चळवळीत महाराष्ट्र पुढे होता याचा मला अभिमान आहे. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि एकत्र खरेदी करून सभासदांना माल वाटण्याची तिची पद्धत मध्यमवर्गीय घरांत रुजली. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी पुड्यावर वजन आणि किंमत छापायला लावली, तर १९९० पासून 'सर्व करांसहित कमाल किंमत' आली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि म्हणून त्या दिवशी तहसील कचेरीत ग्राहक दिन साजरा होऊ लागला.

नव्वदच्या दशकात अशा शिबिरांना मी सायकलवरून जात असे. तिथेच कानावर पडले की पावती मागा, तारीख पाहा, वजन पाहा, छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका. हे शिक्षण लाखमोलाचे होते. पण आता १९८६ च्या कायद्यातली ग्राहकाच्या हक्कांची यादी पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माहिती मिळण्याच्या हक्कात कायदा सहा गोष्टी मोजतो : दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत. आणि ही माहिती कशासाठी? अनुचित व्यापारी प्रथेपासून ग्राहकाला वाचवण्यासाठी. ही सहाही मापे मालाची आहेत. माल खाणाऱ्या शरीराचे माप त्यात नाही. आम्हाला वाचन शिकवले ते लबाडी शोधण्यासाठी. त्यामुळे जिथे लबाडी नाही तिथे आमची नजर थांबत नाही. त्या राजगिऱ्याच्या पुड्यावर लबाडी नव्हती, म्हणून माझी नजर शेवटच्या ओळीपर्यंत गेलीच नाही.

हिरवा ठिपका

चौथी गोष्ट हिरव्या ठिपक्याची. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या प्रकरणाने देश ढवळून निघाला होता. आपण खातो त्यात नेमके काय आहे, ही शंका तेव्हापासून घराघरांत शिरली. पुढे २००० मध्ये मांसाहारी पदार्थांवर तपकिरी खूण आणि २००१ च्या अधिसूचनेने शाकाहारी पदार्थांवर हिरवी खूण सक्तीची झाली. २०२० च्या नियमांनी मांसाहाराचा तपकिरी गोल बदलून त्रिकोण केला, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून फरक कळावा.

अन्नाच्या वेष्टनावरची ही आपल्या देशातली सगळ्यात यशस्वी खूण आहे. माझी आई शाळेची पायरी चढली नाही, पण हिरवा ठिपका तिला कळतो. खूण मोठी असेल, रंगात असेल, चित्ररूप असेल, तर निरक्षर माणूसही लेबल वाचतो, हे या ठिपक्याने सिद्ध केले आहे.

मात्र त्यातून एक गैरसमजही पसरला. किराणा घेताना भेटणाऱ्या ओळखीच्यांना मी विचारत गेलो, "ठिपका कशाला पाहता?" बरेच जण म्हणाले, "चांगलं असतं ते." एका बाईंनी सांगितले, "हिरवा असला की लेकरांना द्यायला हरकत नाही." ठिपका एवढेच सांगतो की पदार्थात मांस, मासे, अंडे नाही. दूध, गहू, सोयाबीन, काजू, शेंगदाणा या सगळ्यांवर हिरवाच ठिपका असतो.

पाचवी ओळ कुठून आली

ॲलर्जीची ओळ बाहेरून आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांनी मिळून चालवलेल्या कोडेक्स या मंडळाने १९९९ मध्ये लेबलच्या मानकात ॲलर्जी घडवणाऱ्या घटकांची यादी घातली. युरोपने २००३ मध्ये तसा आदेश काढला. अमेरिकेने २००४ मध्ये आठ घटकांचा कायदा केला, तो २००६ पासून लागू झाला आणि २०२३ पासून तीळ हा नववा घटक आला. ब्रिटनमधल्या नताशा एडनन-लापेरूस या पंधरा वर्षांच्या मुलीचा २०१६ मध्ये मृत्यू झाला. विमानतळावर घेतलेल्या पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर तसे लिहिलेले नव्हते, कारण दुकानातच बांधून विकलेल्या पदार्थाला तेव्हा ती सक्ती नव्हती. आईवडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे कायदा बदलला.

आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि १९५४ चा कायदा इतिहासजमा झाला. कायद्याच्या नावातला 'भेसळ' शब्द जाऊन 'सुरक्षा' आला, हा बदल मोठा होता. त्याखालचे लेबलचे नवे नियम नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि वर्षभराने लागू झाले. त्यात ॲलर्जीच्या घटकांचे आठ गट दिले आहेत : गहू, जव, ओट यांसारखी ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकडा वर्गातले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. यांपैकी काही पदार्थात असेल तर 'यात आहे' असे वेगळे लिहावे लागते, आणि शेजारच्या मालाचा अंश लागण्याची शक्यता असेल तर 'यात असू शकते' असे. माझ्या पुड्यावरची ओळ या दुसऱ्या जातीची होती. राजगिऱ्याचा लाडू आणि दाण्याची चिक्की एकाच कढईशेजारी, एकाच परातीत होतात, हे आपल्याला माहीत असते, पण पुडा हातात घेताना आठवत नाही.

या यादीत तीळ नाहीत. मोहरीही नाही, जी युरोपच्या यादीत आहे. तिळगूळ आणि मोहरीची फोडणी यांच्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही, त्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. घटकांच्या यादीत तीळ छापलेले दिसतील, पण वेगळी सूचना असेलच असे नाही.

नियमाच्या बाहेर राहिलेले

नियम आहे, पण त्याच्या जाळ्यातून बरेच निसटते. मिठाईच्या दुकानातले सुटे पेढे-बर्फी घ्या. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे 'कधीपर्यंत खावी' याची तारीख लावणे सक्तीचे झाले. म्हणजे पुन्हा ताजेपणाच. त्या बर्फीत काजू आहे की शेंगदाणा, हे ताटापुढची पाटी सांगत नाही. शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती यादी बाहेरच्या मोठ्या पुड्यावर असते आणि तो पुडा दुकानदाराने फोडून फेकलेला असतो. शाळेच्या वाटेवर पोरे घेतात ती नेमकी ही लहान पाकिटे. आणि जत्रेतली भेळ, हॉटेलातली मिसळ, लग्नातली पंगत यांना तर लेबलच नाही.

शेवटची गोष्ट भाषेची. १९५५ च्या नियमांपासून आजवर सक्ती आहे ती इंग्रजी किंवा देवनागरीतल्या हिंदीची. मराठी छापायला मनाई नाही, पण बंधनही नाही. त्यामुळे पुड्याच्या दर्शनी बाजूला ठळक मराठी नाव, लाडवाचे चित्र, आणि मागे धोक्याची ओळ इंग्रजीत, हे दृश्य नेहमीचे. विकण्यापुरती मराठी आणि जपण्यापुरती इंग्रजी, अशी ही वाटणी आहे. ग्राहक चळवळीने छापील किमतीसाठी जो नेट लावला, तोच आता या एका ओळीच्या भाषेसाठी आणि आकारासाठी लावायला हवा, असे मला वाटते. हिरव्या ठिपक्याने वाट दाखवलेली आहे. आठ गटांसाठी आठ साध्या चित्रखुणा करणे अशक्य नाही. तोवर चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

आमच्या घरात एवढ्यात झालेला बदल लहान आहे. भाचीने एका कागदावर शेंगदाण्याची इंग्रजीतली दोन-तीन नावे मोठ्या अक्षरांत लिहून, खाली मराठीत अर्थ देऊन, फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. किराणा आला की आई पुडे उन्हात धरून अक्षरांचे आकार त्या कागदाशी ताडून पाहते आणि जुळले की हाक मारते. आमच्या नेहमीच्या दुकानदाराने पहिल्यांदा मी पुडा उलटा करून वाचू लागलो तेव्हा विचारले, "काय दादा, तारीख तर पुढं हाये की." मी त्याला पोराची गोष्ट सांगितली. त्याने माझ्या हातातला पुडा घेतला, चष्मा लावला आणि ती ओळ स्वतः वाचली. वीस वर्षे तो ते पुडे विकत होता.

यंदाच्या एकादशीला पोरगा पुन्हा आला होता. राजगिरा आम्ही घरीच फुलवला.